दोन चिमटे, तीन फेज

अमेरिकेतल्या घरात फेजच्या दोन तारा आणि एक न्यूट्रल येतो. न्यूट्रलपासून प्रत्येक तारेवर १२० व्होल्ट, दोन तारांमध्ये २४०. याला स्प्लिट-फेज म्हणतात, म्हणजे मूळचा एकच फेज ट्रान्सफॉर्मरच्या मधोमध न्यूट्रल काढून दुभागलेला. त्यामुळे दोन्ही तारांतल्या लाटा बरोबर उलट्या असतात. घरातला वापर दाखवणारी तिथली पेटी याच भरवशावर बनते: तारांवर प्रवाह मोजणारे दोन चिमटे लावायचे, व्होल्टेज एकाच तारेचे मोजायचे आणि दुसरीसाठी तेच उलटे धरायचे. तिथे हा हिशेब चोख बसतो.

तीच पेटी या आठवड्यात पणदऱ्यातल्या एका तीन फेजच्या घरात बसली आणि २००० वॉटचा गिझर मोबाइलवर १००० वॉटचा झाला. घरात आनंदीआनंद! पाणी मात्र पूर्वीइतकेच तापत होते आणि मीटरही पूर्वीइतकाच पळत होता.

कारण सरळ आहे. महावितरणच्या तीन फेजच्या जोडणीत लाल, पिवळा आणि निळा फेज एकमेकांपासून १२० अंशांनी सरकलेले असतात. न्यूट्रलपासून प्रत्येकावर २३० व्होल्ट. पेटी लाल फेजचे व्होल्टेज उलटे करते आणि पिवळ्या फेजच्या प्रवाहाला त्याने गुणते. उलटे केलेले ते व्होल्टेज आणि पिवळ्याचे खरे व्होल्टेज यांत ६० अंशांचे अंतर उरते, आणि ६० अंशांची कोसाइन निम्मी. गिझर पिवळ्यावर होता, म्हणून अर्धा दिसला. निळ्या फेजला तर चिमटाच नव्हता; त्यावरचा पंखा आणि टीव्ही फुकटात चालले.

फ्रेंच अभियंता ब्लाँडेलने १८९३ मध्येच नियम सांगून ठेवला आहे: तारा जितक्या, त्याहून एक कमी मापक. अमेरिकेच्या तीन तारांना दोन पुरतात, इथल्या चार तारांना तीन लागतात, आणि प्रत्येकाला आपापल्या फेजचे व्होल्टेज.

यावर गावठी तोडगा निघतोच: एका फेजवर चिमटा लावा आणि तिनाने गुणा. गिझरच्या फेजवर २०००, फ्रिजच्या १५० आणि पंखा-टीव्हीच्या १०० वॉट असतील, तर खरी बेरीज २२५० होते. तोडग्याने ती ६००० निघेल किंवा ३००, चिमटा कुठे बसला त्यावर. विहिरीच्या तीन फेजच्या मोटारीला हा गुणाकार चालतो, घराला नाही. पण ज्या मुलखात सिंगल फेजवर कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार फिरवणे हे कसब मानले जाते, तिथे गुणाकाराला कोण अडवणार? या स्तंभाने कंडेन्सरवर पुरेशी शाई खर्च केली आहे. जळालेल्या मोटारी अजून रिवाइंडिंगच्या दुकानात येतातच.

त्यात सिलेक्टर स्विचची भर. एक फेज गेला की घर दुसऱ्यावर फिरवले जाते आणि मोबाइलवरची ‘स्वयंपाकघर’, ‘माडी’ ही लेबले तिथल्या तिथे खोटी ठरतात.

तीन मापकांची पेटी घरात आधीपासून आहेच: सीलबंद मीटर. त्याच्या तोंडावर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो ते छापलेले असते. समजा ३२०० वेळा. मग १० लुकलुकींना ४५ सेकंद लागले, तर वापर २५० वॉट. गिझर लावल्यावर त्याच १० लुकलुकी ५ सेकंदांत उरकतात, म्हणजे २२५०. त्याला घड्याळ पुरते.

— फ्यूजवाला