आधी कान, मग यंत्र

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. घरातल्या संगीतयंत्रणेच्या हौसेला मात्र मोल असते आणि ते चांगलेच चढे असते. लाखभराचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन-तीन लाखांची स्पीकरची जोडी ही या छंदातली नुसती सुरुवात मानणारे दर्दी आहेत. दोन यंत्रांना जोडणाऱ्या तारांसाठी तेवढेच पैसे मोजणारेही आहेत. यात वाईट काही नाही. स्वतःच्या कष्टाचा पैसा गाण्यावर खर्च करणाऱ्याला कोणी नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. चांगल्या आवाजासाठी होणारा हा खर्च, आवाज खरोखर चांगला करणाऱ्या गोष्टींवर होतो का? विज्ञानाकडे याचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे आणि ते दुकानातल्या क्रमाच्या नेमके उलटे आहे.

सुरुवात कानाच्या मर्यादेपासून करू. निरोगी तरुण माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कची रचना हीच मर्यादा समोर ठेवून झाली. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने नोंदले जातात. त्यातून सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी पुन्हा जसाच्या तसा उभा करता येतो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल मिळते. पंखा फिरत असलेल्या आणि खिडकीखालून रिक्षा जात असलेल्या घरात एवढे अंतर वापरताही येत नाही. म्हणजे माणसाच्या कानाला पुरेल एवढी अचूकता चाळीस वर्षांपूर्वीच सामान्यांच्या घरात आली.

तरीही ‘हाय-रेझोल्यूशन’ नावाची नवी पायरी विकली जाते. या वर्गातल्या उपकरणांवर जे बोधचिन्ह लावतात, त्यासाठी ४०,००० हर्ट्झपर्यंतची क्षमता लागते. माणसाच्या कानाची वरची हद्द त्याच्या निम्म्यावरच संपते. वय वाढते तशी ती आणखी खाली येते. पन्नाशीतल्या अनेकांना १२-१४ हजार हर्ट्झच्या पलीकडचे काही ऐकू येत नाही. नेमक्या याच वयात अशी यंत्रणा घेण्याची ऐपत येते, ही यातली गंमत!

हा फरक ऐकू येतो की नाही, हे तपासणारे प्रयोग झाले आहेत. २००७ मध्ये बोस्टनमधल्या ध्वनिप्रेमींच्या संस्थेशी संबंधित ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी हाय-रेझोल्यूशन ध्वनिमुद्रणाच्या वाटेत गुपचूप सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून पाहिला. ५५४ वेळा झालेल्या चाचणीत श्रोत्यांनी २७६ वेळा बरोबर ओळखले. नाणे उडवले असते तरी एवढेच जमले असते. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांतल्या साडेबारा हजारांहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. बरोबर उत्तरांचे प्रमाण निघाले ५२.३ टक्के, सराव दिलेल्या श्रोत्यांमध्ये ते आणखी वर गेले. म्हणजे फरक अगदीच शून्य आहे, असे म्हणता येत नाही. पण ज्या फरकासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मागितले जातात, तो एवढा बारीक आहे.

मग हजारो जाणकारांना नव्या यंत्रातून आवाज ‘उघडल्यासारखा’ वाटतो, ते काय खोटे बोलतात? मुळीच नाही. त्यांना तो खरोखरच तसा वाटतो. कारण ऐकण्याचे शेवटचे काम कान नव्हे, मेंदू करतो आणि मेंदू डोळ्यांना विचारल्याशिवाय निकाल देत नाही. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी ४० जणांना तेच स्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर ठेवून ऐकवले. दोन्ही वेळचे गुण जुळेनात. समोर दिसणाऱ्या स्पीकरचा आकार आणि त्यावरचे नाव यांचा निकालावर ठसठशीत परिणाम झाला होता. वाइनच्या बाबतीत तर २००८ मध्ये हेच मेंदूच्या स्कॅनवर दिसले. तीच वाइन जास्त किंमत सांगून दिली, तेव्हा सुखाच्या अनुभवाशी संबंधित भाग अधिक सक्रिय झाला.

आणखी एक सापळा आवाजाच्या पातळीचा आहे. दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर तो फरक आपल्याला ‘मोठा’ म्हणून नव्हे, तर ‘अधिक स्वच्छ’ म्हणून जाणवतो. त्यामुळे पातळी समान न करता केलेली तुलना दुकानात कितीही पटली, तरी तिला अर्थ नसतो.

अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या तबकडी कंपनीचे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. तिच्या महागड्या तबकड्या केवळ मूळ टेपवरून, म्हणजे डिजिटल स्पर्शाशिवाय तयार होतात, अशी चाहत्यांची समजूत होती आणि त्यातला ‘अ‍ॅनालॉग’ उबदारपणा ते वाखाणत होते. २०२२ मध्ये कळले, की २०११ पासूनच्या अनेक तबकड्यांमध्ये एक टप्पा डिजिटल होता. प्रकरण न्यायालयात गेले. कंपनीने माहिती दडवली, हा ग्राहकांचा राग योग्यच होता. पण इतकी वर्षे तो डिजिटल टप्पा या तरबेज कानांना खुपला नाही, हेही तितकेच खरे.

तारांचे गणित तर शाळेतल्या भौतिकशास्त्राने सुटते. घराच्या वायरिंगमध्ये असते तशी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या. पाच मीटरवरच्या स्पीकरपर्यंत जाऊन परत येताना तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. स्पीकरचा स्वतःचा असतो साधारण ८ ओहम. म्हणजे तारेचा वाटा शंभरात एकही नाही. एवढ्या जागेत चमत्कार मावत नाहीत.

मग खरा फरक पडतो कुठे? एक तर स्पीकरमध्ये. दोन स्पीकरमधला फरक पडद्याआडूनही स्पष्ट कळतो आणि तिथे खर्च केलेला पैसा बहुतेकदा वसूल होतो. दुसरा आणि सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे खोली. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. पुढचे वाक्य मागच्यात बुडून जाई. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री-अपरात्री आणून हा घुमारा कसा घटतो ते मोजले. खोलीचे आकारमान आणि ध्वनी शोषणारे पृष्ठभाग यांचे त्याने मांडलेले सूत्र आजही वापरले जाते. १९०० मध्ये उघडलेले बोस्टनचे सिम्फनी हॉल याच अभ्यासावर उभे राहिले आणि आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणले जाते.

आता आपल्या फ्लॅटमधला दिवाणखाना पाहा. खाली गुळगुळीत फरशी, समोर काचेची सरकती खिडकी, उघड्या भिंती. इथे स्पीकरमधून निघालेला सूर चारही बाजूंनी आदळून कानाशी येतो. शिवाय १२ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला ध्वनी भिंतींमध्ये अडकून फुगतो. म्हणून डग्ग्याचा घुमारा सोफ्यावर छातीत बसतो आणि शेजारच्या खुर्चीवर गायब होतो. पाच लाखांचा अ‍ॅम्प्लिफायर यात काही करू शकत नाही. जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि स्पीकर कोपऱ्यातून थोडा पुढे ओढणे, एवढ्याने मात्र आवाज ओळखू येणार नाही इतका बदलतो.

पण या सगळ्याच्या आधी येतो तो कान, आणि आरोग्याच्या दृष्टीने खरी चिंता तिथेच आहे. आंतरकर्णात, गोगलगायीच्या शंखासारख्या नळीत, प्रत्येक कानामागे जेमतेम १५-१६ हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे विजेच्या संदेशात रूपांतर करण्याचे काम त्यांतल्या सुमारे साडेतीन हजार पेशी करतात. बाकीच्या तो संदेश धारदार करतात. पक्ष्यांमध्ये या पेशी नव्याने उगवतात, माणसात नाही. मोठ्या आवाजाने होणारी हानी आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसते. शब्दांतली व्यंजने जिथे ओळखू येतात आणि तानपुऱ्याच्या जवारीची झळाळी जिथे जाणवते, त्याच पट्ट्यात. ती हळूहळू होते, दुखत नाही; म्हणून कळतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला उरतात चार तास. १०० डेसिबलला अर्ध्या तासाच्या आत आठवड्याचा वाटा संपतो. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर संध्याकाळ घालवायची आणि घरी येऊन दोन केबलमधला फरक शोधायचा, याला काय म्हणावे? शिवाय हा केवळ संगीताचा प्रश्न नाही. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये लॅन्सेटच्या आयोगाने श्रवणदोषाला वरचे स्थान दिले आहे. ज्याला नीट ऐकू येत नाही, तो आधी गप्पांतून आणि मग माणसांतून उठतो.

घरी ऐकतानाही आवाज नकळत वाढतो, त्याला दोन कारणे आहेत. बाहेरचा गोंगाट झाकण्यासाठी आपण बटण फिरवतो, हे एक. दुसरे, कमी आवाजात खर्जाचे सूर कानाला अधिकच क्षीण लागतात; फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. आवाज वाढवला की गाणे ‘भरते’ आणि वाढवलेला आवाज तसाच राहतो. म्हणून शांत खोली हीच सर्वांत उपयोगी ऑडिओ यंत्रणा आहे. खिडकीच्या फटी बुजवणे आणि खडखडणारा पंखा दुरुस्त करणे हीसुद्धा ध्वनिसाधनाच.

तेव्हा पुढची मोठी खरेदी करण्याआधी काही गोष्टी कराव्यात. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन एकदा ऑडिओग्राम काढावा. त्याचा खर्च एका बऱ्या केबलपेक्षाही कमी असतो. मग खोली सुधारावी. त्यानंतर स्पीकर निवडावेत, तेही ओळखीचे गाणे लावून. मोकळा तानपुरा आणि एक गाता आवाज ही उत्तम कसोटी आहे. महागड्या यंत्राचा मोह झालाच, तर घरातल्या कोणाला तरी दोन्ही यंत्रे आपल्या नकळत बदलायला सांगावीत, आवाजाची पातळी समान ठेवावी आणि दहा वेळा ओळखून पाहावे. केवळ नशिबाने दहापैकी नऊ किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक असते. तेवढे जमले तर खुशाल घ्यावे. विक्रेत्यांनीही अशी चाचणी दुकानात उपलब्ध करून द्यावी. ज्याच्या मालात दम आहे, त्याला पडद्याची भीती नसावी.

शंभर वर्षांपूर्वी भोंग्यात गाऊन केलेली, जेमतेम तीन मिनिटांची, खरखरणारी ध्वनिमुद्रणे आजही रसिक जीव लावून ऐकतात. त्यांत ना खर्ज पुरता उतरलेला असतो, ना वरचे सूर. तरी गाणे पोहोचते, कारण ऐकणाऱ्याकडे वेळ असतो, लक्ष असते आणि शाबूत कान असतात. यंत्र कधीही बदलता येते. या तीन गोष्टी मात्र सांभाळाव्याच लागतात आणि त्यांतला कान तर एकदा गेला की गेला.