वणव्याशी लढाई हिवाळ्यातच

वणवा पेटला की सर्वांचे लक्ष त्याकडे जाते. परंतु तो पेटू नये, पेटलाच तर पसरू नये, म्हणून आधी जे कष्ट उपसले जातात, त्यांची दखल सहसा कोणी घेत नाही. जंगलात जाळरेषा काढणे आणि पायवाटा साफ ठेवणे ही अशीच दुर्लक्षित कामे होत.

अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचे उदाहरण घ्या. सातपुड्याच्या कुशीतील हे जंगल 1974 मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. येथे सागाची झाडे विपुल आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर साग पानगळ करतो, गवत वाळते आणि साऱ्या रानात जणू सरपण पसरते. महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ मानला जातो. त्यापूर्वीच जंगलात ठराविक रुंदीचे पट्टे आखून त्यांवरील गवत कापतात, वाळवतात आणि माणसांच्या पहाऱ्यात जाळून टाकतात. हीच जाळरेषा. पुढे वणवा आला, तरी या मोकळ्या पट्ट्याशी त्याला जाळण्यास काही उरत नाही.

जंगल वाचवण्यासाठी जंगलातच आग लावायची, ही कसली रीत, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. पण आग केव्हा, कोठे आणि किती लावली, यावर सारे अवलंबून असते. हिवाळ्यात जमिनीत ओल असते आणि आग आटोक्यात राहते. तीच आग एप्रिल-मे महिन्यांत रोपे, बी-बियाणे आणि जमिनीवरील पक्ष्यांची घरटी भस्मसात करते. सह्याद्रीत चांगले गवत यावे म्हणून डोंगर पेटवून देतात, त्याचे समर्थन मात्र करता येणार नाही. उघड्या पडलेल्या उताराची माती पहिल्याच पावसात वाहून जाते.

पायवाटांचेही महत्त्व तितकेच आहे. पाचोळा झाडलेली वाट ही लहानशी जाळरेषाच असते. शिवाय आग विझवणाऱ्यांना तीच आत नेते आणि अडकलेल्यांना बाहेर आणते. 11 मार्च 2018 रोजी तामिळनाडूतील तेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने पदभ्रमण करणाऱ्यांना गाठले. वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. कोरड्या गवताच्या उतारावर निसटण्याचा मार्ग न सापडणे किती घातक ठरते, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

वणव्याचा दोष बहुधा मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करणाऱ्यांच्या माथी मारला जातो. मोहाखालची जमीन स्वच्छ व्हावी म्हणून पाचोळा पेटवला जातो आणि ती आग कधी हाताबाहेर जाते, हे खरे आहे. 1927 च्या भारतीय वन कायद्यानुसार राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे. पण केवळ शिक्षेच्या धाकाने पोटाचा प्रश्न सुटत नाही. झाडाखाली जाळी अंथरली, तर फुले वेचण्यासाठी आगीची गरजच उरत नाही. अशी जाळी गावागावांत पोहोचवणे खटल्यांपेक्षा अधिक फलदायी ठरेल.

आगीचे ज्ञानही या लोकांपाशीच आहे. कर्नाटकातील बिळिगिरी रंगनाथ टेकड्यांतील सोलिगा लोक पूर्वी पाचोळ्याला हलकी आग लावत. ती प्रथा थांबल्यानंतर घाणेरीचे रान माजले, असे ते सांगतात. वारा कोणत्या वेळी पडतो, गवत कधी पेट घेते, हे मेळघाटातील कोरकू माणसालाही कागद न पाहता कळते.

आज जंगलातील आगीची सूचना उपग्रहामार्फत मिळते. ही सोय मोलाची आहे; पण उपग्रह आग दाखवतो, विझवत नाही. विझवण्यासाठी माणूसच लागतो. म्हणून जाळरेषांचे काम हिवाळ्यातच पूर्ण व्हावे, ते स्थानिकांच्या सल्ल्याने आखले जावे आणि त्यांची मजुरी वेळेवर हाती पडावी. तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नसते. आग लागल्यावर वाट शोधण्यातही नसते.