स्वस्त क्षमा

दिवाळीच्या फराळाबरोबर कुणी धर्मशास्त्र वाढले तर वाचक तोंड वाकडे करणार, हे मी जाणून आहे. त्यातून ते ख्रिस्ती धर्मशास्त्र, आणि वाढपी मराठीचा प्राध्यापक! पण काय करू? गेले काही आठवडे एका जर्मन पाद्रीबाबाने माझी झोप उडवली आहे. त्याचे नाव डीट्रिख बोनहोफर.

हा १९०६ साली सुखवस्तू घरात जन्मला. वडील मनोविकारांचे नामांकित प्राध्यापक. चिरंजीवांनी एकविसाव्या वर्षीच डॉक्टरेट मिळवली. पुढे व्याख्याने द्यावीत, जाड ग्रंथ लिहावेत, असेच आयुष्य जायचे; पण १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा झाला आणि तोच नियम चर्चलाही लावा, असे म्हणणारे ख्रिस्ती पुढारी निघाले. बोनहोफरने त्याच वर्षी लिहिले, की अशा वेळी चर्चची कामे तीन. सरकारला जाब विचारणे, चाकाखाली सापडलेल्यांना मलमपट्टी करणे, आणि प्रसंग पडला तर त्या चाकालाच खीळ घालणे.

गंमत म्हणजे या मनुष्याला गांधीजींच्या आश्रमात येऊन राहायचे होते. १९३४ मध्ये गांधीजींनी त्याला या म्हणून पत्रही लिहिले. पण घरची हाक मोठी ठरली. तो विरोधी चर्चच्या तरुण पाद्रींना शिकवू लागला. ती शाळा १९३७ साली गेस्टापोने बंद पाडली. १९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित राहण्याची सोय झाली होती, ती सोडून तो काही आठवड्यांतच परतला. आणि अहिंसा शिकू पाहणारा हा पाद्री हिटलरला ठार मारू पाहणाऱ्यांच्या कटात सामील झाला! ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिले. वय अवघे ३९.

आपल्याला इथे चटकन अर्जुन आठवतो. पण समबुद्धीने लढलास तर पाप लागणार नाही, असे आश्वासन अर्जुनाला मिळाले होते. बोनहोफरला तसे कुणी दिले नाही. त्याच्या मते हत्या हे पापच. दुसऱ्यांसाठी ते पत्करायचे आणि देवापुढे अपराधी म्हणूनच उभे राहायचे. स्वतःचे हात स्वच्छ ठेवण्यासाठी शेजाऱ्याला मरू देणे, ही त्याला साधुता वाटत नव्हती.

१९३७ च्या त्याच्या पुस्तकात ‘स्वस्त कृपा’ अशी एक कल्पना आहे. पश्चात्ताप नाही, आयुष्यात बदल नाही, पण क्षमा मात्र हवी, असा तो व्यवहार. हे मी वाचले आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात बसून, आणि तिथेच घोटाळा झाला.

या ग्रंथालयातल्या एका शिपायाला काही वर्षांपूर्वी पुस्तके चोरल्याच्या आरोपावरून काढून टाकले. त्यांपैकी दोन पुस्तके मी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या दिवाणखान्यात पाहिली होती. मी बोललो नाही. माझी बढती त्यांच्या शिफारशीवर अवलंबून होती. त्या वर्षी लाडवांचा डबा आणि पाचशेची नोट घेऊन मी शिपायाच्या घरी गेलो. ‘‘सर, तुम्ही आलात, बरं वाटलं,’’ तो म्हणाला. मला केवढे हलके वाटले! आता कळते, की ती क्षमा मी पाचशे रुपयांत विकत घेतली होती.

वाचकहो, कुठे तो फासाचा दोर आणि कुठे माझी बढती! तुलना करायची मला लाज वाटते. पण चाक लहान असले म्हणून त्याच्याखालचा माणूस लहान होत नाही.

परवा मी संस्थेला पत्र लिहिले. काय पाहिले ते, आणि इतकी वर्षे का गप्प बसलो तेही. पत्नीने ते दोनदा वाचले.

‘‘आता तुमचीच चौकशी लागेल,’’ ती म्हणाली.

‘‘लागेल.’’

ती थोडा वेळ गप्प राहिली, मग तिकिटे शोधायला उठली. पत्र टपालात पडले आहे. तो शिपाई आता एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन आहे. पाडव्याला त्याच्याकडे जाणार आहे. या खेपेस डबा न घेता.