शुक्रवारच्या दोन चपात्या

परवा पुण्याहून भाचीच्या मुलीचा फोन आला. ती हल्ली हौसेने पाव, केक भाजायला शिकते आहे. "आजी, मी आज हल्ला केला," म्हणाली. मी दचकलेच! मग फोटो आला. तीन पेडांची वेणी घालावी तसा गुंफलेला, वरून तकतकीत पाव. ज्यू लोक शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होताना हा खातात म्हणे. "सगळ्या ज्यूंच्या घरी दर शुक्रवारी हाच भाजतात," असंही तिने ठणकावून सांगितलं. तिच्या वयाची असताना मीही असंच कुणालातरी ठणकावलं होतं, ते आठवलं आणि हा लेख लिहायला बसले.

नोकरीची पहिली दोन वर्षं मी अलिबागला होते. राहायला जागा मिळाली ती एका बेने इस्रायल बाईंच्या घरी. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. नऊवारी, हातात काकणं, बोलणं शुद्ध अलिबागचं. कोकणात या लोकांना पूर्वी 'शनिवार तेली' म्हणत, कारण तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मावशींचा स्वयंपाक उरकलेला असे, कारण नंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चूल पेटवायची नाही. पाटावर दिवा, काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत, आणि पांढऱ्या फडक्याखाली दोन चपात्या. प्रार्थना झाली की चपातीचा तुकडा मिठाला लावून सगळ्यांच्या हातावर. मलाही मिळे.

मी नवी पदवीधर, वाचनाचा गर्व फार. कुठल्याशा पुस्तकात वाचलं की शब्बाथला पाव लागतो. पुढच्या शुक्रवारी बेकरीतून ताजा पाव आणून मावशींपुढे ठेवला आणि म्हटलं, "मावशी, खरं तर हा हवा. चपाती चालत नाही." मावशी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाई, हा कुणी मळला, पत्र्याला कसली चरबी लावली, आत दूध आहे का, तुला ठाऊक आहे का? माझी कणीक मला ठाऊक आहे." पाव शेजारच्या पोरांना गेला. मी मान खाली घालून चपाती खाल्ली.

त्या उत्तरातलं शहाणपण कळायला मला बरीच वर्षं लागली. ज्यू धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. म्हणून या लोकांच्या कालवणात आणि गोडात आपल्याच नारळाचं दूध आलं. दोन चपात्या का? तर बायबलमधल्या कथेत अरण्यात आकाशातून पडणारा मान्ना शुक्रवारी दुप्पट मिळे, त्याची ती आठवण. वेणीचा त्याच्याशी काही संबंध नाही. 'हल्ला' हा शब्दसुद्धा मुळात कणकेतून देवासाठी बाजूला काढलेल्या गोळ्याचा आहे. वेणी ही युरोपातल्या ज्यूंची रीत.

आणखी एक गोष्ट आपल्या तांदूळखाऊ लोकांच्या लक्षात येणार नाही. तांदळाच्या भाकरीवर भाकरीचा आशीर्वाद म्हणत नाहीत, त्याला गहू, जव अशी ठरलेली धान्यंच लागतात. तेव्हा भाताच्या मुलखात शुक्रवारी मुद्दाम गव्हाची चपाती करणं ही अडचणीतली तडजोड नव्हती, तो नेमच होता. नव्या वर्षाच्या सणाला मावशी गहू भिजवून, वाटून, चीक काढून नारळाच्या दुधात हलवा घोटत. होळीच्या सुमारास पुरीमचा सण येई, तेव्हा पुरणपोळी. एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची. यात भट्टी कुठेच नाही. म्हणून ते कमी ज्यू झालं का?

झालं, असं म्हणणारेही होते. १९४८ नंतर हे लोक इस्राएलला जाऊ लागले. तिथे १९६२ साली मुख्य धर्मगुरूंनी आदेश काढला की बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. केवढं आंदोलन करावं लागलं त्यांना! १९६४ मध्ये कुठे ते सर्वार्थाने ज्यू आहेत हे मान्य झालं. मला यात गंमत वाटते ती अशी. त्यांच्यात एक जुनी कथा सांगतात की डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू गृहस्थ कोकणात आला आणि त्याने इथल्या बायकांना मासे रांधायला दिले. बायकांनी पर आणि खवले नसलेले मासे निवडून बाजूला केले, आणि त्याने ओळखलं की ही आपलीच माणसं. (आपली मोरी आणि तिसऱ्या तिथे नापास!) त्याने परीक्षा घेतली ती बायकांच्या हातांची. नंतरच्यांनी वंशावळ मागितली.

माझं म्हणणं एवढंच की परंपरा पदार्थाच्या आकारात शोधू नये. ती नेमात असते. आमच्या मालवणात तवशाचं धोंडस वरखाली निखारे ठेवून भाजतात, त्याला आता 'मालवणी केक' म्हटलं की लोकांना ते खरं वाटतं. धोंडसाला धोंडस म्हणायला लाज कसली?

भाचीच्या मुलीचा पाव छानच झाला होता, तसं मी तिला सांगितलं. मग मावशींची गोष्टही सांगितली. ती म्हणाली, "आजी, त्यांच्या हलव्याचं प्रमाण दे ना." आणि मी गप्प झाले. दोन वर्षं मी तो हलवा खाल्ला, पुस्तकं दाखवली, पण पाट ओढून शेजारी बसून कधी विचारलं नाही. मावशी पुढे मुलाकडे इस्राएलला गेल्या. दोन-तीन पत्रं आली, मग थांबली.

तुमच्यापैकी कुणाच्या शेजारी अलिबाग, पेण, पनवेल, रोहे भागात अशी घरं असतील, अजून असतील, तर जाऊन विचारा. आणि चपाती असेल तर चपातीच लिहा.