ओळख कोणी द्यायची?

परवा भाच्याचा फोन आला. तो बेल्जियममध्ये गेंटला असतो. एरवी त्याचा फोन म्हणजे भाजणीचे प्रमाण विचारायला. या वेळी मात्र स्वारी भलतीच वैतागलेली होती.

"मावशी, मी काय पोलीस आहे का गं, लोकांची कागदपत्रं तपासत बसायला?"

त्याचे झाले होते असे. तिकडे १ जानेवारी २०२६ पासून एका व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला द्यायचे बिल कागदावर किंवा ईमेलला पीडीएफ जोडून चालत नाही. ते संगणकाला वाचता येईल अशा ठराविक साच्यात लागते आणि साधारणपणे पेपॉल नावाच्या जाळ्यातून पाठवायचे असते. हे पेपॉल २००८ साली युरोपियन युनियनचा प्रकल्प म्हणून सुरू झाले. २०१२ पासून ओपनपेपॉल ही संस्था ते सांभाळते आणि आता सिंगापूर, जपान, ऑस्ट्रेलियापर्यंत ते पोचले आहे. भाचा ज्या कंपनीत आहे ती छोट्या दुकानदारांना या जाळ्याला जोडून देते.

मला तरी हे पोस्टाच्या उदाहरणानेच कळले. पाठवणारा एक, घेणारा एक, आणि मध्ये दोघांची दोन पोस्ट ऑफिसे. पलीकडचे पोस्ट पाठवणाऱ्याचे तोंडही बघत नाही. अलीकडच्या पोस्टाने आत घेतले आहे ना, मग माणूस खराच असणार, या भरवशावर ते बिल पुढे देते. म्हणून नियम असा की ज्या कंपनीने गिऱ्हाईक आत घेतले तिनेच त्याची ओळख पटवून घ्यायची. धंदा खरोखर अस्तित्वात आहे का, आणि त्याच्या नावाने बोलणाऱ्या या माणसाला तसा अधिकार आहे का, हे दोन्ही.

भाच्याची अडचण ही दुसऱ्या भागाची. नळजोडणी करणारा एक जुना गिऱ्हाईक, ओळखपत्र मागितल्यावर भडकला. "दहा वर्षं ओळखतोस मला!" म्हणाला. आणि साहेबांचे म्हणणे काय, तर सरकारी यादीत नंबर जुळला की द्या पुढे, रांग मोठी आहे.

आता मंडळी, मी काही या विषयातली जाणकार नव्हे. पण वर्गात हजेरी घेण्यात आयुष्य गेले. 'सतरा' असा पुकारा केला की 'हजर' कोणीही म्हणू शकतो. मान वर करून बघितले नाही तर सतरा नंबरचा मुलगा नदीवर पोहत असतो आणि अठरा नंबरचा दोन आवाज काढत असतो! बेल्जियममधल्या प्रत्येक धंद्याचा नंबर सरकारी यादीत कोणालाही पाहायला मिळतो, असे भाच्यानेच सांगितले. मग तो जुळला यात कसली ओळख पटली? उद्या कोणी त्या नळवाल्याच्या नंबरावर आत शिरला आणि बिलावर स्वतःचा बँक खाते क्रमांक घातला, तर पैसे भरणाऱ्याला संशय यायचे कारणच नाही. उलट जाळ्यातून आलेले बिल म्हणून तो जास्तच विश्वासाने भरेल.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते त्याला कारण आहे. पूर्वी बँकेत खाते काढायला जुन्या खातेदाराची ओळख लागायची. १९८४ साली एका सहशिक्षिकेच्या शब्दावर मी एका गृहस्थांच्या अर्जावर सही केली. त्यांना मी एकदा, तेही जिन्यात, पाहिले होते. 'अर्जदारास मी चांगली ओळखते' असे तिथे छापलेले होते, त्याखाली माझे नाव. पुढे त्यांचे चेक परत जाऊ लागले, गृहस्थ गाव सोडून गेले, आणि मॅनेजरांनी मला बोलावून घेतले. "बाई, तुम्ही यांना ओळखता ना?" एवढेच विचारले त्यांनी. मला पैसे भरावे लागले नाहीत. पण एका भांडेवाल्याचे बुडाले. मी शिक्षिका म्हणून त्याने माझ्या सहीवर विश्वास ठेवला होता. त्या दुकानावरून जायचे मी कित्येक वर्षे टाळले.

काही जण म्हणतील, हे काम सरकारनेच करावे. आपल्याकडे तसेच आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांचे ई-इनव्हॉइस सरकारमान्य पोर्टलवर नोंदवावे लागते आणि ओळख तपासली जाते ती जीएसटी नोंदणीच्या वेळी. तरीही त्याच २०२३ साली, १६ मे ते १५ जुलै, खोट्या नोंदण्या शोधायची मोहीम देशभर काढावी लागलीच. भलत्याच्याच पॅन आणि आधारवर कंपन्या निघाल्या होत्या. म्हणजे दार कोणाचेही असो, दारावरचा माणूस मान वर करून बघतो की नाही, प्रश्न तिथेच येतो.

एक मात्र भाच्याला बजावले. तपासणी म्हणजे समोरच्याला चोर समजणे नव्हे. का मागतो आहोत ते दोन वाक्यांत सांगावे. नियमाला लागेल तेवढेच घ्यावे, उगाच झेरॉक्सचे गठ्ठे करू नयेत. आणि या कामाचा खर्च त्या नळवाल्याच्या माथी वेगळा मारू नये. जाळ्यात आणून कमाई कंपनी करते, तर राखणही तिनेच करावी. हे शेवटचे त्याला फारसे पटले नाही. "मावशी, तू आमच्या हिशेबनिसाशी बोल," म्हणाला.

रविवारी पुन्हा फोन आला. नळवाल्याने ओळखपत्र दाखवले, पण तोंड फिरवून. साहेबांना याने लेखी विचारले आहे की नुसत्या नंबरावर आत घ्यायचे असेल तर तसे सहीनिशी कळवा. उत्तर अजून आलेले नाही. भाजणीत धने किती घालायचे ते मात्र या वेळी विचारायचे राहून गेले, म्हणून रात्री परत फोन केला त्याने.