वेगावरोध आणि शाळेची घंटा

वार्षिक अंकात ज्ञानेश्वरांपासून अणुशक्तीपर्यंत सर्व विषयांस स्थान मिळते; पोटास मात्र क्वचितच मिळते. हा लेख मलावरोधावर आहे असे दिसताच काही वाचक पान उलटतील, हे गृहीत धरूनच मी लिहीत आहे. ज्या दुखण्याचा उच्चार करण्याची लाज वाटते ते मुले कोणास सांगत नाहीत, आणि मग ते वर्षानुवर्षे अंगावर काढतात.

हे दुखणे जडते कसे? अन्नातील सारभाग लहान आतड्यात शोषला गेल्यावर उरलेला पातळ चोथा मोठ्या आतड्यात येतो. तेथे त्यातील पाणी शोषले जाते. तो तेथे जितका रेंगाळेल तितका शुष्क व कठीण होतो. मलाशय भरून ताणले गेले की मेंदूस सूचना मिळते. यासच आपण वेग म्हणतो. वेग दाबला तर तो काही वेळाने शमतो खरा. पण मल जागच्या जागी राहून अधिकच सुकतो. पुढच्या खेपेस वेदना होतात, त्या वेदनेच्या भीतीने मूल पुन्हा वेग दाबते, आणि हळूहळू मलाशय सैल पडून मुळातली सूचनाच मंद होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच ‘नवेगान्धारणीय’ असे आहे. रोकू नयेत असे १३ वेग त्यात सांगितले असून मूत्र व मल यांचे वेग त्यांत अग्रभागी आहेत.

आहाराचा उपदेश घरोघर चालतो, आणि तो यथार्थच आहे. युगांडात अनेक वर्षे शस्त्रवैद्य असलेले डेनिस बर्किट यांनी सहकाऱ्यांसह १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, भरपूर चोथ्याचा आहार घेणाऱ्या आफ्रिकी खेडुतांचा मल वजनाने अधिक असतो व तो शरीराबाहेरही लवकर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या शिफारशीप्रमाणे दहा वर्षे व त्यापुढील वयाच्या प्रत्येकाच्या आहारात दररोज निदान २५ ग्रॅम तंतू असावेत. भाकरी, न चाळलेल्या कणकेची पोळी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, पेरू यांतून ते सहज मिळतात. खारी, पाव आणि मैद्याची बिस्किटे यांतून मिळत नाहीत. इसबगोलाची मोठी बाजारपेठ तर आपल्या गुजरातेतच, उंझा येथे आहे. मात्र इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा लागतो. कोरडा वा अपुऱ्या पाण्याने घेतल्यास तो मार्गातच फुगून अडथळा होण्याचे भय असते. दर रविवारी मुलाचे नाक दाबून एरंडेल पाजण्याची जुनी रीत मला पसंत नाही. तीमुळे मुलास शौचाची सवय लागत नाही, एरंडेलाचा तिटकारा तेवढा लागतो.

परंतु केवळ भाकरी आणि पेरू यांवर भिस्त ठेवणे मला अपुरे वाटते. खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि सकाळी ती विशेष जोमदार असते. नेमक्या याच वेळी सकाळच्या सत्रातील मूल एका हातात दप्तर व दुसऱ्या हातात बूट घेऊन धावत असते. शाळेत वेग आला तर साऱ्या वर्गादेखत उठून परवानगी मागावयाची; करंगळी दाखविणे त्यातल्या त्यात सोपे, दोन बोटे दाखविली की मागच्या बाकावर हशा पिकतो. एवढे धैर्य करून गेल्यावर शौचकूपास कडी नाही, बादलीत पाणी नाही. मुलींची स्थिती याहून कठीण. शौचकूपात जावे लागू नये म्हणून शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोटही न घेणाऱ्या मुली प्रत्येक शिक्षिकेच्या परिचयाच्या असतील. याला आपण शिस्त म्हणावयाचे काय?

येथे एक गोष्ट पालकांनी अवश्य ध्यानी घ्यावी. कठीण मल साचून राहिला की कधीकधी त्याच्या बाजूने पातळ मल नकळत झिरपतो व मुलाचे कपडे खराब होतात. घरचे त्यास हगवण समजतात किंवा घाणेरडी सवय समजून मुलास मारतात. मूल यात सर्वथा निरपराध असते. त्यास डॉक्टरांकडे न्यावे. असा जुनाट मलावरोध बहुधा केवळ आहाराने सुटत नाही. मल मऊ करणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिनेही घ्यावे लागते, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. मलात रक्त, वारंवार उलट्या, पोट फुगणे अथवा वजन घटणे यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

घरी न्याहारीनंतर दहा मिनिटे निवांत मिळतील इतके लवकर मुलास उठवावे. कमोड असल्यास पायांखाली पाट द्यावा. गुडघे वर आले की मलमार्ग सरळ होतो व कुंथावे लागत नाही. शाळेने ज्याला जावयाचे आहे त्यास कारण न विचारता जाऊ द्यावे. संमेलनाच्या नव्या पडद्याची तरतूद अंदाजपत्रकात लिहिण्यापूर्वी शौचकूपांच्या कड्या, नळ, साबण आणि सफाई करणाऱ्याचे पुरेसे वेतन या चार बाबी व्यवस्थापक मंडळाने आधी लिहाव्यात. पडदा आणखी एक वर्ष जुना चालेल.