सूट कापडाला, कर सुताला

सोलापुरात मागावर बसणाऱ्याला कराचा पहिला हिशोब सुताच्या दुकानात होतो. तयार चादरीवर किती टक्के, याची चर्चा आपण बैठकांमध्ये खूप करतो. पण लहान मागवाल्याचा खिसा रिकामा होतो तो सुताचे बाचके घरी येते तेव्हाच. हे आजचे नाही, सव्वाशे वर्षांपूर्वीही असेच होते.

डिसेंबर १८९४ मध्ये हिंदुस्थान सरकारने परदेशी कापडा-सुतावर पाच टक्के आयातकर बसवला. लँकेशायरच्या गिरण्यांना झळ बसू नये म्हणून त्याच दिवसांत इथल्या गिरण्यांच्या २० नंबरपेक्षा बारीक सुतावरही पाच टक्के अबकारी लावली. हातमागाच्या कापडावर कर नव्हता. कागदावर पाहिले तर विणकर सुटला होता. पण लुगड्यासाठी बारीक सूत घेणारा सोलापूरचा साळी किंवा पद्मशाली विलायती सूत घेवो की देशी, पाच टक्के त्याच्या भावात आधीच मिसळलेले होते.

फेब्रुवारी १८९६ मध्ये सुतावरचे दोन्ही कर उठले आणि गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी आली. हातमागाला यात फायदा झाला, तो ओघाने. जाडेभरडे देशी कापड करातून सुटते ही लँकेशायरची तक्रार होती आणि बदल तिच्यासाठी झाला. मँचेस्टरची बाजू पार्लमेंटात मांडली जात होती, मुंबईच्या गिरणीमालकांचा संघ १८७५ पासून उभा होता. हातमागवाल्याच्या वतीने त्या चर्चेत कोणी बसलेले नव्हते. त्याच वर्षी पाऊस फसला, दुष्काळ पडला आणि कापडाला गिऱ्हाईक उरले नाही. लोकमान्य टिळकांनी सोलापुरात येऊन इथल्या व्यापाऱ्यांशी बोलून विणकरांना मागावरच काम देण्याची योजना आखली. मुंबई सरकारने ती स्वीकारली नाही. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या विणकराचा हात पुन्हा बारीक सुतावर बसायला किती वेळ लागतो, हे ज्याने माग चालवला आहे त्याला सांगायला नको.

त्यापुढचे वळण आपल्या धंद्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. डिसेंबर १९२५ मध्ये कापडावरची अबकारी स्थगित झाली व पुढच्या वर्षी रद्द झाली. राष्ट्रीय चळवळीने तीस वर्षे लढून मिळवलेला हा विजय होता आणि तो न्याय्यच होता. जुन्या मिलपासून सोलापूरच्या सगळ्या गिरण्यांना त्याने मोकळा श्वास मिळाला. मात्र त्या साडेतीन टक्क्यांनी हातमागाला गिरणीपुढे जो थोडा आडोसा दिला होता, तो गेला. आणि १९२२ मध्ये आयात सुतावर नव्याने बसलेला पाच टक्के कर तसाच राहिला. १९२७ मध्ये तर पाच टक्के किंवा पौंडामागे दीड आणा, यांतला जो जास्त तो, असा नियम झाला. गिरणी स्वतःचे सूत स्वतः कातत होती. हातमागवाला ते बाजारातून घेत होता. देशभरच्या हातमागांची सविस्तर चौकशी पी. जे. थॉमस यांच्या समितीकडे सोपवली गेली १९४१ मध्ये. म्हणजे सुतावरच्या पहिल्या करानंतर ४७ वर्षांनी.

आता आपल्या वहीकडे पाहू. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. आपले अनेक घरगुती मागवाले याच सुटीत बसतात. समजा, अशा मागवाल्याने अडीच हजारांचे सुती सूत घेतले, तर पाच टक्क्यांनी १२५ रुपये कर भरला. नोंदणी असलेला कारखानदार हे १२५ रुपये आपल्या विक्रीवरच्या करातून वळते करतो. नोंदणी नसलेल्याचे ते मालाच्या किमतीत अडकून राहतात. शिवाय त्याच्याकडून चादर घेणाऱ्या व्यापाऱ्याला क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो भाव पाडून मागतो. कंपोझिशन योजनेतल्याला तर उलाढालीवर एक टक्का भरूनही सुताचे क्रेडिट नाही. हातमागाला सुती लडीवर केंद्राच्या योजनेतून १५ टक्के किंमत-अनुदान आहे. टॉवेल-चादरीच्या यंत्रमागाला ते नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. नोंदणीची मर्यादा वाढवून द्या, ही आपल्या निवेदनांमधली नेहमीची मागणी अपुरी आहे. मर्यादा जितकी वाढेल तितके जास्त मागवाले सुतावरचा कर परत न मिळणाऱ्यांच्या रांगेत जातील. मागणी सुताची हवी: लहान मागवाल्याने सुतावर भरलेला कर त्याच्या बँक खात्यात परत आला पाहिजे. त्यासाठी सूतगिरणीचे किंवा सुताच्या व्यापाऱ्याचे पक्के बिल हवे, आणि इथे आपलीही चूक आहे. कच्च्या चिठ्ठीवर सूत उचलण्याची सवय आपण सोडलेली नाही. बिलच नसेल तर परतावा कशाच्या आधारावर मागायचा?

३१ डिसेंबर २०२१ रोजी, कापडावरचा कर १२ टक्क्यांवर नेण्याचा निर्णय अंमलात यायला एक दिवस उरला असताना जीएसटी परिषदेने तो थांबवला. देशभरच्या कापडधंद्याने एकदिलाने आवाज उठवला म्हणून ते घडले. तेव्हा आपल्याकडे आवाज होता, आता आकडे हवेत. वाचकांना विनंती आहे की गेल्या तीन महिन्यांची सुताची बिले काढा, एका चादरीला किंवा एक डझन टॉवेलांना किती सूत लागले आणि त्यावर किती कर गेला ते मांडा, आणि आमच्याकडे पाठवा. नावे गुप्त ठेवू. आलेला प्रत्येक हिशोब एकत्र करून तो तक्ता आम्ही पुढच्या अंकात छापू आणि तोच निवेदनाला जोडू.